‘ओही’ म्हणजे ‘होय’ नव्हे: ग्रीक बेटावर समुद्राकाठी जेवायला जाताना

पहिल्या दिवशी मला ऑक्टोपस मिळाला नाही, कारण मी बेळगावचा.

वेटर पोरगा वही घेऊन उभा. कोळशावरचा ऑक्टोपस आणू का, असं त्यानं विचारलं. मी आपला सवयीनं म्हटलं, "होय होय, आण की." त्यानं वहीत काट मारली आणि गेला. अर्ध्या तासानं काकडी-टोमॅटो आले, पाव आला, बटाटे आले. ऑक्टोपसचा पत्ता नाही. माझी पोरगी पोट धरून हसत होती. ग्रीक भाषेत ‘नाही’ला ‘ओही’ म्हणतात. आपला ‘होय’ घाईत म्हटला की त्यांच्या कानाला तोच लागतो. आणि ‘हो’ला म्हणतात ‘ने’. म्हणजे आपण ‘नाही’ म्हणायला तोंड उघडावं आणि समोरच्यानं ताट आणून ठेवावं. मानेचंही तेच. डोकं वर झटकून जिभेनं ‘च्क’ केलं की ती नकारघंटा. आपण दोन्हीकडे मान डोलवून ‘चालेल की’ म्हणतो, त्याचा तर त्यांना काहीच अर्थ लागत नाही. तेव्हा बाकी काही शिकला नाहीत तरी हे दोन शब्द पाठ करून जा.

माझी उद्यमबागेत छोटी फाउंड्री आहे, पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग काढतो. पोरगी जर्मनीत नोकरीला. "आई-बाबा, गोव्याचे शॅक किती वर्षं बघणार?" म्हणाली आणि मागच्या सप्टेंबरात आम्हा दोघांना ग्रीसला घेऊन गेली. आठ दिवस नाक्सोस नावाच्या बेटावर होतो. मी मासे खाणारा, मंडळी माळकरी. पंढरीची माळ गळ्यात, कांदा-लसूण चालतो, पण मासा-मटण-अंडं नाही. निघायच्या आधी गल्लीतल्या प्रत्येकानं सांगितलं, तिथं वहिनींचे हाल होतील, थेपले न्या. आम्ही नेलेही. त्यातले निम्मे परत आले. माळकरी आणि मासेखाऊ एकाच टेबलावर सुखानं जेवू शकतात, हे सांगायलाच मी लिहायला बसलोय. विमान-हॉटेलाचं तुमची पोरं बघतील.

तरी दोन शब्द प्रवासाचे. व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, मोठ्या माणसाला 90 युरो. ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज करायचा, पोरगी जर्मनीत असली तरी. प्रवासविमा किमान 30,000 युरोचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आलात तर उशीर झाला म्हणा. सामानात कुंदा घेऊ नका. मला वाईट वाटतं सांगायला, पण बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला प्रवाशांना बंदी आहे, आणि कुंदा म्हणजे दुसरं काय, दूधच आटवलेलं. पोरीसाठी घेतलेला डबा आम्ही निघताना भाच्याच्या हातात ठेवला. कोरड्या चटण्या मात्र बिनधास्त न्या. शेंगदाण्याची, कारळ्याची आणि संकेश्वरी मिरचीची अशा तीन बाटल्या आम्ही नेल्या. तिथल्या जेवणात लिंबू आहे, तेल आहे, पुदिन्याच्या घराण्यातला ओरेगानो आहे, पण तिखट नाही. चौथ्या दिवशी जीभ घराकडे तोंड करते.

अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रो थेट पिरेयस बंदरात जाते, 2022 पासून. तिथून बोट. मोठ्या बोटीला नाक्सोसपर्यंत पाच-साडेपाच तास लागतात, वेगवान बोट चारच्या आत पोचवते. मोठीच घ्या. जुलै-ऑगस्टात उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा वारा सुटतो, त्यात ती वेगवान बोट म्हणजे चोर्ला घाटातली एस.टी., आणि वर खिडकी उघडत नाही. वारा फारच झाला तर बोटी बंदच ठेवतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदला दिवस अथेन्समध्ये मोकळा राखा. ऑक्टोबर संपला की किनाऱ्यावरची बहुतेक हॉटेलं कुलूप लावतात, ती ईस्टरच्या सुमाराला उघडतात. आपल्या दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर लाटाच खाव्या लागतील.

आता जेवायची जागा कशी निवडायची.

पाटी वाचायला घाबरू नका. आपण सीमेवरची माणसं, एका पाटीवर दोन-तीन लिप्या बघतच मोठी झालोय. शिवाय शाळेत अल्फा-बीटा-पाय-सिग्मा घोकलेले असतात, ते इथं कामाला येतात. मी एकच अक्षर शोधायचो, शंकराच्या त्रिशूळासारखं. त्याचा उच्चार ‘प्स’. ‘प्सारी’ म्हणजे मासा, ‘प्सिस्तारिया’ म्हणजे कोळशावर भाजणारं खाद्यगृह, ‘प्सारोताव्हेर्ना’ म्हणजे माशाची खानावळ. पाटीची सुरुवात त्रिशूळानं झाली की आत विस्तव आहे असं समजायचं. पदार्थाच्या नावापुढं ‘स्ती स्खारा’ असेल तर तो जाळीवर भाजलेला, ‘स्तो फूर्नो’ असेल तर भट्टीत शिजवलेला. हा दुसरा शब्द माळकऱ्यांसाठी, त्याच्याकडे येतोच.

ज्याच्या दारात पदार्थांचे रंगीत फोटो लावलेत आणि एक माणूस हात धरून आत ओढतोय, तिथं जाऊ नका. गणपती गल्लीतला नियम तिथंही तोच. दुपारी तीनला कुठं म्हातारे ग्रीक लोक जेवतायत ते बघा. हो, तीनला. त्यांचं दुपारचं जेवण दोनच्या पुढं आणि रात्रीचं नऊ-दहाला. आम्ही साडेबाराला जाऊन बसलो तर कोळसा पेटायचा होता.

नाक्सोसच्या गावापासून दक्षिणेला आयिओस प्रोकोपिओस, मग आग्या आन्ना, मग प्लाका, असे एकाला एक लागून किनारे आहेत. गावातून बस जाते. आमची जागा प्लाकाच्या बाजूला होती. नाव सांगत नाही, तुम्हाला तुमची सापडू दे. निळी लाकडी टेबलं, बोरूचं छप्पर, पाय खाली सोडला की वाळू. टेबलावर कागद अंथरतात आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कडांना पत्र्याचे चिमटे लावतात. चिमटे काढू नका. मी एक काढून बघितला, कसा केलाय म्हणून (धंद्याची खोड), तर कागद, पाव आणि मिठाची बाटली शेजारच्या डच जोडप्याच्या मांडीवर.

त्या जागेची खरी गंमत कडेच्या भट्टीपाशी होती. अर्धं पिंप उभं चिरून केलेली शेगडी, वर जाळी, मागं साठी-बासष्टीचा एक माणूस. मी तीस वर्षं भट्टीसमोर काढलीत, त्यामुळे समुद्र सोडून त्याच्याकडेच बघत बसलो. कोळसा लाल असताना त्यानं काही म्हणजे काही वर ठेवलं नाही. वर राखेची पांढरी साय येईपर्यंत थांबला. मग तळहात जाळीच्या वर धरून बघितला, जसं आमचे जुने मिस्त्री लॅडलजवळ, म्हणजे वितळलेल्या धातूच्या भांड्याजवळ, हात नेऊन सांगायचे, ‘अजून नाही’. कोळशाचा एका बाजूला ढीग, दुसऱ्या बाजूला पातळ थर. मासा आधी ढिगावर, मग पातळ बाजूला.

आणि मागं दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे ऑक्टोपस लटकवलेले, लाकडी चिमट्यांनी. आठ पाय खाली लोंबतायत. पोरगी म्हणाली, फोटोसाठी लावत असतील. तसं नाही. सकाळी पकडलेला ऑक्टोपस आधी खडकावर आपटून आपटून मऊ करतात, मग उन्हात टांगतात, कारण त्याच्या अंगात पाणी फार. ओला तसाच जाळीवर टाकला तर तो भाजत नाही, स्वतःच्या पाण्यात उकडतो आणि रबर होतो. हे ऐकल्याबरोबर मला आमची साच्याची वाळू आठवली. वाळूत ओल जास्त राहिली की धातूचा रस ओतल्यावर वाफ कोंडते आणि कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे आतून पोकळ भोकं, पडतात. ओल काढल्याशिवाय आगीपाशी जायचं नाही, इथंही आणि तिथंही. भाजून झाल्यावर तो माणूस कात्रीनं पायाचे तुकडे करायचा, वर व्हिनेगर, ऑलिव्हचं तेल, ओरेगानो. बाहेरून काळपट कुरकुरीत, आत पांढरा. चव म्हणाल तर तिसऱ्या आणि माकूल यांच्या मधली कुठंतरी.

तुम्हीही भट्टीपाशी जा. कोणी हाकलत नाही, उलट त्यांना बरं वाटतं. मासे घेताना तर जायलाच पाहिजे. मेनूवर पुष्कळ माशांची किंमत किलोवर लिहिलेली असते, थाळीवर नाही. हे मला एका बंदराजवळच्या जागेत उशिरा कळलं. ‘हा चांगला, हा घ्या’ म्हणत त्यानं दाखवलेला मासा मी मान हलवून घेतला आणि बिल आलं 58 युरो, एका माशाचे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा म्हणजे घशात काटा अडकल्यासारखं का झालं ते कळेल. त्याची लबाडी नव्हती, मेनूत लिहिलं होतं. त्यानंतर मी बर्फावरचा मासा बोटानं दाखवायचो, समोर वजनकाट्यावर ठेवायला लावायचो, आकडा कागदावर लिहून घ्यायचो. आपल्या मासळी बाजारात करतो तेच. स्वस्तात चांगलं हवं असेल तर छोटे मासे मागा: सार्डिन, किंवा ‘गाव्रोस’, मांदेलीसारखा तळलेला, डोक्यासकट खायचा. ते थाळीच्या भावानं येतात. नावापुढं फुली किंवा चांदणी असेल तर माल बर्फातला, गोठवलेला. तसं लिहिणं त्यांना बंधनकारक आहे.

मेनूच्या शेवटी बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते: छापील पावती दिली नाही तर गिऱ्हाईकानं पैसे द्यायची गरज नाही. मला हा कायदा फार आवडला. घरी आल्यावर दोन-तीन ठिकाणी सांगून बघितला, कोणी हसलंसुद्धा नाही.

मांसातलं सांगायचं तर ‘सुव्हलाकी’ म्हणजे काडीला टोचून भाजलेलं, बहुतेक वेळा डुकराचं, कोंबडीचं हवं तर ‘कोतोपुलो’ म्हणा. ‘गिरोस’ म्हणजे उभ्या सळीवर फिरणारं मांस कापून पोळीत गुंडाळलेलं, चारेक युरोत पोट भरतं. एवढं पुरे, मी तिथं समुद्र सोडून बोकडाच्या वाटेला गेलो नाही.

आता मंडळींचं.

ग्रीक लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. त्यांच्यात उपासाचे दिवस आपल्याहून कमी नाहीत. बुधवार आणि शुक्रवार, ईस्टरच्या आधीचे आठवडे, आणि 1 ते 14 ऑगस्ट, कारण 15 ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण. म्हणजे ऐन आपल्या श्रावणाच्या सुमाराला तिकडंही मांस बंद, दूध-अंडी बंद. म्हणून प्रत्येक खानावळीत बिनमांसाचं रांधायची जुनी सवय आहे. त्या जेवणाला ‘निस्तीसिमो’ म्हणतात. इंग्रजीत ‘व्हेज’ म्हणून डोकं फोडण्यापेक्षा हा शब्द विचारा, चेहरा खुलतो. पण सांभाळून. त्यांच्या उपासाला ज्या प्राण्यात रक्त नाही तो चालतो: ऑक्टोपस, कोळंबी, शिंपल्या, सगळं. आमच्या मंडळींनी भक्तिभावानं ‘निस्तीसिमो’ म्हटलं आणि त्या माणसानं भक्तिभावानं कोळंबी दाखवली. तेव्हा पुढं जोडायचं, ‘खोरीस थालासिना’, समुद्रातलं काही नको. ‘खोरीस’ म्हणजे शिवाय. आणि स्वतःला ‘खोर्तोफागोस’ म्हणवून घ्यायचं, म्हणजे पाला खाणारा.

त्यांच्याकडे एक चांगली रीत आहे, गिऱ्हाईकाला स्वयंपाकघरात नेऊन पातेली दाखवायची. मंडळींना नेलं. तिथल्या बाईंनी झाकणं काढली. मी बाहेर होतो, आतून आवाज आला, "अहो, इकडं या! हा आपला घेवडा की!" घेवडा नव्हता, पण चुलतभाऊ होता: ‘यिगांतेस’, अंगठ्याएवढे पांढरे दाणे टोमॅटोच्या रसात भट्टीत शिजवलेले. शेजारी ‘ब्रियाम’, वांगं-बटाटा-दुधीसारखी कोवळी भाजी, तेलात मुरलेली. ‘फासोलाक्या’ म्हणजे शेंगांची भाजी. ‘फावा’ म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट गोळा वरण, वर कच्चा कांदा आणि तेल. त्यावर कारळ्याची चटणी भुरभुरली की डोळे मिटून यळ्ळूरच्या शेतात बसल्यासारखं होतं, फक्त भाकरी नाही. दुधीसारख्या भाजीची भजी असते, ‘कोलोकिथोकेफ्तेदेस’. नाव पाठ करू नका, बोट ठेवा. मात्र अंडं आहे का विचारा, बऱ्याचदा असतं.

फसायच्या जागा सांगतो. ‘तारामोसालाता’ नावाची गुलाबी चटणी दिसायला बिटाची, पण माशाच्या अंड्यांची. भरलेली ढब्बू मिरची आणि टोमॅटो, ‘गेमिस्ता’, यात कधी नुसता भात असतो, कधी खिमा. खिम्याविना असेल तर त्याला ‘ओर्फाना’ म्हणतात, म्हणजे अनाथ. मंडळींना ते नाव अजिबात आवडलं नाही, भाजी आवडली. द्राक्षाच्या पानातल्या गुंडाळ्यांचंही तसंच, विचारून घ्या. चीझमध्ये पारंपरिक रेनेट (दूध घट्ट करायचा पदार्थ) जनावराचं असतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी ‘फेटा’ चीझ बाजूला ठेवायला सांगा. आणि जाळी एकच असते, मासे आणि वांगी तिच्यावरच. म्हणून ‘स्तो फूर्नो’. भट्टीतलं घ्या, जाळीवरचं सोडा. बटाटे तळलेले मागताना कढई वेगळी आहे का, एवढं विचारलं की झालं. नाक्सोसचे बटाटे त्या देशात नावाजलेले आहेत, आणि ती कीर्ती खरी आहे. आमच्या बेळगावच्या बटाट्याचा मला अभिमान आहे, तरी लिहितो.

मागितला नसला तरी पाव येतो आणि माणशी युरोच्या आसपास बिलात लागतो. भांडू नका, रीत आहे. पाणी बाटलीचं. ताटं प्रत्येकाची वेगळी मागवू नका. सगळं मध्ये ठेवायचं आणि सगळ्यांनी घ्यायचं. तिघांना एक कोशिंबीर, दोन भाज्या, एक मासा खूप झाला.

चहाच्या नादी लागू नका, गरम पाण्यात पुडी बुडवून देतात. कॉफी घ्या. फेसाळ गार ‘फ्रापे’ 1957 साली थेसालोनिकीच्या जत्रेत, म्हणजे व्यापारी प्रदर्शनात, गरम पाणी हाताशी नव्हतं म्हणून जन्माला आली. साखर आधीच सांगावी लागते: ‘स्केतो’ बिनसाखरेची, ‘मेत्रियो’ मध्यम, ‘ग्लिको’ गोड. आपल्या माणसांनी ‘ग्लिको’ म्हणावं. आणि एका कॉफीवर दोन तास बसावं. पहिल्या दिवशी मी पंधरा मिनिटांत पेला संपवून उठायला लागलो. घरी खानावळीत जेवताना पाठीमागं दुसरा माणूस आपली खुर्ची धरून उभा असतो ना, त्याची सवय. इथं मागं कोणी नव्हतं. बिलही कोणी आणत नाही, मागितल्याशिवाय आणणं त्यांना उद्धटपणा वाटतो. ‘तो लोगारियाझ्मो, पाराकालो’ म्हणायचं. बिलाबरोबर बऱ्याचदा कलिंगडाच्या फोडी येतात, त्याचे पैसे नसतात. खूश असाल तर पाच-दहा टक्के टेबलावर ठेवा.

किनाऱ्यावरच्या छत्र्या-खाटांचं वेगळं गणित. काही ठिकाणी खाल्लं-प्यायलं की खाट फुकट, काही ठिकाणी भाडं, आणि पुढच्या रांगेला जास्त. आधी विचारा. किनारा सगळ्यांचा आहे, आपला टॉवेल अंथरून बसायला कोणी अडवू शकत नाही. 2023 मध्ये समोरच्याच पारोस बेटावरच्या लोकांनी खाटांनी किनारा गिळला म्हणून टॉवेल घेऊन आंदोलन केलं, आणि 2024 मध्ये कायदा आला. पाण्यापासून चार मीटर तरी मोकळे सोडावे लागतात. प्लाकावर बसलं की पश्चिमेला ते पारोस दिसतं, सूर्य त्याच्या मागं जातो.

पायात चप्पल ठेवा, दुपारी वाळू तापते आणि खडकांत काटेरी सागरी साळू असतात. संडासात कागद भांड्यात टाकू नका, नळ्या अरुंद असतात, शेजारी डबा ठेवलेला असतो. टेबलाखाली मांजरं येतील. माशाचं डोकं एकीला दिलंत तर पाच येतात.

शेवटची बस किती वाजता, ते जेवायला बसायच्या आधी विचारा. आम्ही विचारलं नाही. रात्री साडेअकराला भट्टीवाला राख ओढत होता आणि थांब्यावर आम्ही तिघं. रस्त्यानं जाऊ नका, कडेला पायवाट नाही आणि भाड्याच्या मोटारसायकली सुसाट येतात. चपला हातात घ्या, पाण्याच्या कडेनं, जिथं वाळू ओली आणि घट्ट असते तिथून, उत्तरेकडे चालत सुटा. आग्या आन्नाचे दिवे दिसतात. तिथं टॅक्सी मिळते.